कास भरायच्या आत

पिंगळीत आमच्या घरची शेळी आमच्या घरी कधीच नसते. ती थोरल्या भावाच्या मालकीची असते आणि गावाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका बाईकडे अर्धलीने दिलेली असते. अर्धली म्हणजे शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा आणि होणारी करडं दोघांची. वाटणीची रीत गावागणिक बदलते. आमच्याकडे एक वेत मालकाचं, पुढचं वेत सांभाळणारीचं. आपल्या पाळीच्या वेतात जे होईल ते सगळं तिचं. एक होवो, दोन होवोत, काही न होवो.

या रीतीला एक पोटकलम आहे. सांभाळणारीची पाळी आली की तिला निवड करता येते. पोटात असेल ते घ्यायचं, नाहीतर पोटातलं मालकाला सोडून त्याच्या आधीच्या वेतातली, डोळ्यांदेखत वाढलेली पाट घ्यायची. पाट म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी. निवड तोंडी सांगायची असते. त्याला जबान देणं म्हणतात आणि ती शेळीची कास भरायच्या आत द्यायची. कास भरायला लागली की जाणत्या बाईला नुसत्या हाताने पोटाचा अंदाज येतो, मग तिने निवडलं असं म्हणता येत नाही. जबान दिल्यावर फिरवायची नाही. कागद होत नाही आणि साक्षीदार लागत नाही.

परभणीच्या एका दैनिकात मी बरीच वर्षं काम केलं. आधी बातमीदार होतो, नंतर डेस्कवर. राहायला पिंगळीतच होतो. या रीतीबद्दल मी कधी ओळभर लिहिलं नाही, कारण तिच्यात बातमी आहे असं मला वाटलं नव्हतं. ते माझ्या भाचीला वाटलं.

भाची परभणीला विद्यापीठात शेतीचं अर्थशास्त्र शिकत होती. प्रबंधासाठी तिने विषय घेतला होता तो असा: पुढे काय होणार हे माहीत नसताना माणूस कशी निवड करतो आणि निराश होण्याची भीती त्या निवडीत किती भर घालते, याचं गणित मांडायचं. रविवारी ती आमच्याकडे यायची. जेवणं झाल्यावर मला ते गणित समजावून सांगायची. सूत्र मला कळलं नाही, म्हणणं कळलं. माणसाला काय मिळालं यावर त्याचं सुख ठरत नाही. त्याने मनात काय धरलं होतं आणि त्यापेक्षा जास्त मिळालं की कमी, यावर ते ठरतं. आणि कमी मिळाल्याचं दुःख जास्त मिळाल्याच्या आनंदापेक्षा वजनाला भारी असतं. ते किती भारी, हा आकडा तिला काढायचा होता.

त्यासाठी तिने अर्धलीच्या बाया निवडल्या. जिंतूरकडच्या काही गावांत ती एसटीने जायची, आमच्या गावात मी बरोबर असायचो. तिने पुठ्ठ्याच्या दोन पत्त्या केल्या होत्या. एका पत्तीवर उभ्या पाटीचं चित्र, दुसरीवर गाभण शेळी आणि तिच्या पोटावर प्रश्नचिन्ह. कोणती घ्याल, असं विचारायची. बहुतेक बायांनी हसत हसत दुसरी पत्ती उचलली. खऱ्या व्यवहारात मात्र त्यांतल्या बऱ्याच जणींनी गेल्या खेपेला पाट घेतली होती. भाची बुचकळ्यात पडली. उत्तर आमच्याच शेळीच्या सांभाळणारीने दिलं.

“कागदावरच्या शेळीला ना चारा लागतो ना पाणी,” ती म्हणाली. “तिथं मी काय बी घेते. तुझं काय जायलंय अन् माझं काय जायलंय?”

या बाईला गावात सगळे मावशी म्हणतात. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातली आहे. नवरा मजुरीला जातो. तुकडाभर कोरडवाहू जमीन आहे, तिच्यात कापूस. दहा-बारा वर्षं ती आमची शेळी सांभाळत होती आणि या काळात तिच्या स्वतःच्या दावणीला तिची स्वतःची शेळी एकदाही टिकली नव्हती. पाळीत आलेल्या पाटी घरच्या अडचणीला गेल्या. बोकड आले ते बाजारात जाणारच होते. आता मुलगा परभणीत कामाला लागला होता आणि काही विकायची गरज उरली नव्हती. या पाळीची शेळी तिला ठेवायची होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण दावणीला एक जास्तीची मेख ठोकलेली सगळ्यांना दिसत होती.

आणखी एक गोष्ट दिसत होती. तिच्या गोठ्यात कुडाच्या खुंटीला एक घुंगरू अडकवलेलं होतं, नव्या सुती पट्ट्यात ओवलेलं, कधी न वापरलेलं. त्याची हकीकत शेजारणीकडून कळली. मागच्या पाळीला मावशीने पोटातलं घेतलं होतं. शेळीचं पोट डावीकडे उतरलं होतं, चाल मंद होती, सगळी लक्षणं पाटीची होती. मावशीने पाटच धरली. नाव ठरवलं, पट्टा शिवला, घुंगरू आणलं. शेळी व्याली आणि दोन बोकड झाले. बाजाराच्या हिशेबाने दोन बोकड एका पाटीहून चांगले. शेजारणी येऊन म्हणाल्या, नशीब काढलंस. मावशीने सगळ्यांना चहा पाजला. नंतर आठवडाभर ती विहिरीवर आली नाही.

भाचीने तिला धूळपेरणीबद्दल विचारलं. आमच्याकडे काही जण पाऊस पडायच्या आधीच कोरड्या मातीत सरकी टोबतात. पाऊस वेळेवर आला तर पीक पुढे निघतं, नाही आला तर बियाणं वाया. मावशी आणि तिचा नवरा दरवर्षी हे करतात. इतकी मोठी जोखीम घेणारी बाई आता शेळीच्या पोटाला का भिते, हा भाचीचा प्रश्न होता. मावशीने तो दोनदा विचारून घेतला. मग म्हणाली, “पाऊस चुकला तर साऱ्या गावाचा चुकतो. पोटातलं चुकलं तर माझ्या एकलीचं चुकतं.”

भाचीने ते लिहून घेतलं. मावशीने विचारलं, “हे बी गणितात येतं?” भाची म्हणाली, आणायचा प्रयत्न करते.

त्या वर्षी पाळी मावशीची होती. काळी शेळी तिसऱ्या महिन्यात गाभण होती. पोटातलं सोडून जी पाट घेता आली असती, ती भावाच्या मागच्या वेतातली उरलेली एकच. मागचा डावा पाय जरासा आखूड, चालताना उचलून टाकायची. पोरं तिला लंगडी म्हणत. दात चांगले होते, खाणं चांगलं होतं. एवढंच तिच्या बाजूने सांगता येईल.

याच सुमारास गावात जनावरांच्या तपासणीचं शिबिर झालं. भाचीची एक मैत्रीण पशुवैद्यक शिकत होती. तिच्याकडे हातात मावणारं सोनोग्राफीचं यंत्र होतं. मावशीने शेळी आणली ती जंताच्या औषधासाठी. मैत्रिणीने आपण होऊन यंत्र लावलं. मावशी शिंगं धरून उभी होती. पडद्याकडे पाठ करून ती शाळेच्या भिंतीकडे बघत राहिली.

“मला सांगू नका,” ती म्हणाली. “मी एक बोकड धरलाय.”

मैत्रिणीने भाचीकडे बघून दोन बोटं वर केली. ती मीही पाहिली. पाटी की बोकड हे यंत्रातून तिला सांगता येत नव्हतं. मावशी शेळी घेऊन गेली. भाचीने वहीत एक खूण केली आणि मला म्हणाली, “मामा, हे आपल्यातच राहू द्या. तिला नकोय.”

मी डेस्कवर ज्या माणसाच्या हाताखाली शिकलो त्याचा एक नियम होता. बातमी पक्की असेल तर ती ज्याच्या कामाची आहे त्याच्यापर्यंत ताबडतोब पोचली पाहिजे. ती त्याला आवडेल की नाही हे ठरवणारे आपण कोण. हा नियम मी वर्षानुवर्षं पाळला आणि त्याने बहुधा भलंच झालं. शिबिरानंतर तिसऱ्या दिवशी मी वरच्या अंगाला गेलो तेव्हा मावशी लंगडीच्या पायाला तेल चोळत होती. तिने पाय ताणून पाहिला, सोडला, पुन्हा ताणला. मी त्याचा अर्थ असा लावला की तिचं मन पाटीवर गेलं आहे. कास भरायला अजून अवधी होता. पोटात दोन आहेत, दोघांतली एक तरी पाट निघेल असं धरायला हरकत नव्हती, आणि ही बाई न सांगितल्यामुळे लंगडी घेऊन बसेल. सांगण्यात भावाचं नुकसान होतं. तेही मी मोजलं आणि बाजूला ठेवलं.

मी म्हणालो, “मावशी, दोन आहेत. पोटातलं घ्या.”

तिने पाय खाली ठेवला. हाताचं तेल पदराला पुसलं. लिंबाची डहाळी ओढून तिचा पाला ती ओरबाडत राहिली. मग म्हणाली, “सांगू नका म्हणलं हुतं की, दादा.”

आवाजात राग नव्हता. मी इकडचं तिकडचं बोलून परत आलो. काम झालं असं मला वाटलं होतं.

चार दिवसांनी सकाळी मावशी आमच्या अंगणात आली. बसली नाही. भाऊ दाढी करत होता.

“मालक, पाट माझी. पोटातलं तुमचं.”

भावाने तोंडावरचा साबण तसाच ठेवून तिच्याकडे पाहिलं. “लंगडी हाय ती. बग बरं इचार करून.”

“बगितलं. जबान दिली.”

ती गेल्यावर मी भावाला सगळं सांगितलं. दोन असल्याचं त्याला तोवर माहीत नव्हतं. त्याने दाढी पूर्ण केली, वस्तरा धुतला, आरसा भिंतीला लावला. मग म्हणाला, “इतकी वर्षं पेपरात होतास, तिथं जागा कमी पडली का? शेळीच्या पोटातली बातमी तेवढी राहिली होती.” तो हसत होता, पण पुढचे दोन-तीन दिवस आल्यागेल्याला हे वाक्य ऐकवत होता.

शेळी वेळेवर व्याली. दुपारची वेळ होती. मावशीने फोन भावाला केला आणि म्हणाली, मालक, तुमच्या दोन पाटी झाल्या. दोन्ही काळ्या, एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका. मी गेलो तेव्हा तिने दोघींना पोत्याने कोरडं केलं होतं आणि ठिपकेवालीच्या तोंडात सड देत होती. काम ती नेहमीसारखंच करत होती. जास्तीच्या मेखेला लंगडी बांधलेली होती. तिच्या गळ्यात घुंगरू होतं.

मी करडांच्या वजनाबद्दल काहीतरी विचारलं. मावशीने त्याचं उत्तर दिलं.

पुढच्या रविवारी भाची आली, तेव्हा दोन असल्याचं मी मावशीला सांगून टाकलं होतं हे तिला सांगितलं. आम्ही दोघं वर गेलो. भाचीला एकच विचारायचं होतं: दोन आहेत हे कळल्यावर पोटातलं सोडलं कसं? कोणत्याही हिशेबाने ती बातमी चांगली होती. चांगली बातमी मिळाल्यावर माणसाने जोखमीकडे जायला हवं. मावशी उलट गेली.

मावशी बाजेच्या कडेला बसली. करडं तिच्या पायात घुटमळत होती. जे सांगितलं त्यातलं पहिलंच वाक्य मला अनपेक्षित होतं.

“दादानं सांगायच्या आधी मी पोटातलंच घेणार हुते.”

लंगडीचा पाय ती चोळत होती कारण तो दुखत होता. दुसरं काही कारण नव्हतं. शेळी गाभण राहिल्यापासून ती मनाला रोज सांगत होती की एकच आहे आणि बोकड आहे. दोन महिने लागले, पण मनाने ऐकलं. बोकड धरल्यावर पोटातलं घ्यायला भीती उरली नव्हती.

“बोकडाच्या खाली काय हाय? काई न्हाई. झाली पाट तर वर. मग कशाला भ्यायचं?” ती म्हणाली. “अन् यांनी दोन म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून मला दोन पाटी दिसायल्या. एक हितं बांधलेली, एक तिथं बांधलेली. लय समजावलं मनाला, बोकड धर, बोकड धर. धरवंना. आता एक जरी बोकड झाला असता तर मी पडले असते. मागल्या बारीला पडले हुते. पुन्यांदा न्हाई.”

भाची लिहायचं थांबली होती. तिने विचारलं, आता पस्तावा होतो का? दोन्ही पाटीच निघाल्या.

“हुतोय की. रोज हुतोय, हे बग, पायात खेळायल्यात.” मावशीने ठिपकेवालीला उचलून मांडीवर घेतलं. “पस्तावा चालतो, पोरी. पस्तावा चार जणींत सांगता येतो. त्या बी म्हणतात, अगं बाई, घ्यायचं हुतंस की. हळहळतात. मागल्या बारीला दोन बोकड झाले तवा काय सांगणार? समद्या म्हणायल्या नशीब काढलंस. नशीब काढलेलीनं रडायचं कुठं?”

परतीच्या वाटेवर भाची म्हणाली की तिच्या मांडणीत एक चूक सापडली आहे. प्रत्येक बाईने काय धरलं आहे ते ती एकदाच, निवडीच्या वेळी विचारत होती. ते आधीपासून, दर आठवड्याला विचारायला हवं होतं. कारण धरणं हे आपोआप होत नाही. बाया ते राबून खाली आणतात आणि एका शब्दाने ते वर जातं. बाहेरून कळलेली गोष्ट खरी असली, चांगली असली, तरी निवड बिघडवू शकते. तक्त्यात तिने एक नवा रकाना केला आणि त्याच्यावर मावशीचाच शब्द लिहिला, ‘धरलेलं’. माझ्याबद्दल ती काही बोलली नाही. प्रबंधात मी “बाहेरून मिळालेली माहिती” या शब्दांत आहे.

मावशीची हकीकत घालण्यासाठी तिने परवानगी मागितली. मावशी म्हणाली, “लिव. माझं नाव नको. शेळीचं लिव.”

भावाने एक करडू मावशीला देऊ केलं. सरळ दिलं तर ती घेणार नाही हे ठाऊक असल्याने, सांभाळाबद्दल असं म्हणून. तिने नाही म्हटलं. जबान फिरवलेली चालत नाही, आणि मालकाने फिरवली तरी ती फिरवलेलीच असते, असं तिचं म्हणणं होतं. दोन्ही पाटी तिच्याच गोठ्यात अर्धलीने वाढल्या. म्हणजे तिच्या दावणीला आता चार मेखा होत्या. तीन आमच्या, एक तिची.

पुढच्या वर्षी लंगडी गाभण राहिली. ती मावशीची असल्यामुळे निवडीचा आणि जबानीचा प्रश्नच नव्हता. शिबिर पुन्हा आलं तेव्हा तिने आमच्या शेळ्या आणल्या, लंगडीला आणलं नाही. मी जाता-येता वर डोकावत असे. एके दिवशी गोठ्याच्या तोंडाशी तिने मला थांबवलं. लंगडीची कास भरू लागली होती, एवढं लांबूनही कळत होतं.

“दादा, तुमी आता व्यालेवरच या,” ती म्हणाली. “तुमचं तोंड बातमीवानी दिसतंय.”

मी कुडाच्या बाहेर उभं राहून बोललो आणि गेलो. त्यानंतर गेलो नाही. आखूड पायाची पहिलटकरीण, सुटेल की अडेल, ही शंका गावात होती. मावशीने काय धरलं आहे हे मी कुणाला विचारलं नाही. भाची नोकरीसाठी बाहेर गेली होती. ती फोनवर मात्र दर आठवड्याला मावशीला विचारत होती, आता प्रबंध नव्हता तरी.

फोन आला तो सकाळी, मलाच. लंगडी व्याली, दोघं ठीक आहेत, एवढं सांगून मावशी थांबली. पूर्वी मी पाच प्रश्न एका दमात विचारले असते. मी नुसतं बरं म्हणालो.

“बोकड झाला,” ती म्हणाली. “धरला हुता तोच.”

मी वर गेलो. बोकड काळाभोर होता, चारही पाय सरळ. मावशीचा चेहरा पाहून काही निष्कर्ष काढायचा नाही, असं मी वाटेत ठरवलं होतं. तरी विचारलंच, खूश आहात ना.

“खूश न्हाई,” ती म्हणाली. “पर पडले बी न्हाई.”

तिने मला लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दिला आणि दावणीला बांधायला सांगितला. दोरी जरा वर बांधा, म्हणाली, लंगडीला मान वर करून खायची सवय हाय. मी बांधला. लंगडी पुढे झाली, घुंगरू वाजलं. करडू अजून पायांवर नीट उभं राहत नव्हतं.